पैकीच्या पैकी

एकदा एका वृद्ध डॉक्टरांकडे मोठ्या शहरातून एक शिष्या शिकायला आली.

डॉक्टर पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले. तालुक्याच्या गावी एका धर्मादाय दवाखान्यात बसायचे. लोक त्यांना मोठे डॉक्टर म्हणत, आणि ही आल्यावर तिला आपोआप लहान डॉक्टरीणबाई म्हणू लागले. मोठ्या डॉक्टरांकडे नाना तऱ्हेचे रोगी येत, पण त्यांची विशेष ख्याती होती ती एका विरळा आजाराबद्दल. आतड्यात होणारी एक गाठ. जातीनं कर्करोगच, पण चाल निराळी. सावकाश वाढतो, वर्षानुवर्षं माणसाच्या सोबतीला राहतो. केस जात नाहीत, गाल बसत नाहीत. उलट अंगातून मधूनच गरम लाट उठते आणि चेहरा लालबुंद होतो. शेजारणी म्हणतात, काय बाई तेज आलंय तुझ्या तोंडावर. जिला म्हणतात ती बिचारी हसून घेते, कारण दिवसातून दहा-बारा वेळा पोट धरून धावावं लागतं हे उंबऱ्यात उभं राहून कुणाला सांगायचं?

पाच जिल्ह्यांत मिळून असे एकोणीस जण होते. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ते सारे दवाखान्यात येत, बोळातल्या लांबलचक बाकावर ओळीनं बसत आणि महिन्याचं इंजेक्शन घेऊन परत जात. एका न्यासाकडून ते मोफत मिळे. त्या एका इंजेक्शनावर एकोणीस घरं उभी होती म्हणा ना.

शिष्या हुशार होती, आणि मनानंही चांगली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. ती येताना तीस प्रश्नांचा एक कागद घेऊन आली होती. तिचं म्हणणं असं, की गाठ किती वाढली ते यंत्र सांगतं, रक्तात काय बदललं ते प्रयोगशाळा सांगते. पण गाठ बाळगणारा माणूस जगतो कसा, त्याचं खाणं, झोपणं, उठणं, बसणं, चारचौघांत मिसळणं, हे कोण सांगणार? ते रोग्यालाच विचारायला हवं आणि नीट मोजायला हवं. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी होत्या: अजिबात नाही, थोडंफार, बरंच, खूपच. शेवटच्या दोन प्रश्नांपुढे तेवढं वाईटपासून उत्तमपर्यंत. मोठ्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, की हे आपण फार पूर्वीच करायला हवं होतं.

पहिल्या महिन्याची उत्तरं वाचून शिष्येला जेवण गेलं नाही. खूपच, खूपच, बरंच, खूपच. एवढं सोसून ही माणसं बाकावर बसून एकमेकांना तंबाखू कशी देतात, तिला उमगेना. दुसऱ्या महिन्यात मात्र उत्तरं जरा बरी आली. तिसऱ्यात आणखी बरी. चौथ्या महिन्यात तर जवळजवळ सगळ्यांच्या खुणा पहिल्या चौकटीत. शिष्येनं भिंतीवर आलेख लावला. रेघ अशी चढत गेली होती, की पाहणाऱ्याचा ऊर भरून यावा. शहरात डॉक्टरांची परिषद भरणार होती. तिथं हा आलेख दाखवायचा असं तिनं ठरवलं.

मोठे डॉक्टर आलेखापुढे बराच वेळ उभे राहिले. इंजेक्शन तेच ना, त्यांनी विचारलं. तेच, ती म्हणाली. माणसंही तीच? तीच, धोंडिबा लोणारी तेवढा यादीतून गेलाय. यावर ते नुसते 'हं' म्हणाले. शिष्येला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कौतुक करता येत नाही.

पाचव्या महिन्याचा गुरुवार उजाडला. त्या दिवशी पहिला नंबर गिरजाबाई कासार यांचा होता. गिरजाबाई बांगड्या भरायच्या. साठीची, ठसठशीत कुंकवाची, बोलायला गोड बाई. शिष्येच्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसून त्यांनी पंधरा मिनिटांत तीसही प्रश्नांना खुणा केल्या. थकवा येतो का? अजिबात नाही. जुलाब होतात का? अजिबात नाही. चेहरा लाल होऊन अंग गरम होतं का? अजिबात नाही. शिष्येनं कागदावरून नजर फिरवली, बेरीज केली आणि हसून म्हणाली, "शाबास गिरजाबाई, पैकीच्या पैकी."

गिरजाबाई पदर सावरत उठल्या, चार पावलं चालल्या आणि दारातच कोसळल्या.

धावाधाव झाली. मोठे डॉक्टर आतून आले, खाली बसले. त्यांनी गिरजाबाईंच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. जीभ लाकडासारखी कोरडी. नाडी हाताला लागेना. शरीरात पाणी म्हणून उरलेलं नव्हतं. सलाइन लावून त्यांना आत हलवलं, आणि घरच्या माणसाचा फोन नंबर सापडतो का म्हणून परिचारिकेनं त्यांचा बटवा उघडला. त्यात सुपारी होती, एस.टी.चं तिकीट होतं आणि एक चौघडी घातलेला कागद होता. नंबर समजून तिनं तो शिष्येच्या हातात दिला.

नंबर नव्हता. सुंदर, वळणदार अक्षरात वर लिहिलं होतं: 'प्रश्न व त्यांची उत्तरे.' खाली एक ते तीस आकडे. एक, अजिबात नाही. दोन, अजिबात नाही. असं करत अठ्ठाविसापर्यंत. एकोणतीस आणि तिसापुढे कंसात सूचना: 'हे प्रश्न उलटे आहेत, सांभाळा. येथे उत्तम या शब्दावर खूण करावी.' आणि तळाशी दोन रेघा मारून, 'सर्वांनी एकसारखे लिहू नये, संशय येतो. एखाद्या ठिकाणी थोडंफार टाकावे.'

शिष्येनं ते तळापर्यंत वाचलं. ती बोळात आली. बाकावरची सतरा माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. कुणाचा हात खिशाकडे गेला, कुणाचा कमरेकडे. तिला विचारावंसुद्धा लागलं नाही. प्रत्येकापाशी एकेक प्रत होती.

तेवढ्यात बाकाच्या टोकाला बसलेले गुरव मास्तर उठून उभे राहिले. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनाही हीच गाठ, सहा वर्षांपासून. अक्षर माझं आहे, त्यांनी सांगितलं. सांगताना मान खाली नव्हती. त्यांनी जे सांगितलं ते असं. पहिल्या महिन्यात धोंडिबा लोणाऱ्यानं सगळीकडे खरं लिहिलं, खूपच, खूपच. पुढच्या महिन्यात त्याचं नाव यादीतून गेलं. आणि त्याच महिन्यात गिरजाबाईनं भिडेखातर जरा बरी उत्तरं दिली, तर तिला शाबासकी मिळाली. एवढ्यावरून बाकाला जे समजायचं ते समजलं. औषध लागू पडत नाही असं दिसलं की नाव कापतात.

शिष्या ओरडली नाही, तिनं विचारलं. धोंडिबाला शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात पाठवलंय, त्याचं इंजेक्शन तिकडेच चालू आहे, हे साधं तुम्हाला विचारता आलं नाही?

"आणि तुम्हाला सांगता आलं नाही?" मास्तर शांतपणे म्हणाले. "ताई, मी जन्मभर परीक्षा घेतल्या. टेबलाच्या पलीकडे बसून कुणी प्रश्न विचारतो, चौकटीत खुणा करायला लावतो, कागद गोळा करून बेरीज करतो. आमच्या गावात याला परीक्षाच म्हणतात. आणि या परीक्षेत नापास झालेला माणूस वर्षभरानं पुन्हा बसू शकत नाही."

गिरजाबाई सहा दिवस आत होत्या. पहिले दोन दिवस काही खरं नव्हतं. मूत्रपिंडं बंद पडतात की काय अशी वेळ आली होती. मग हळूहळू कळलं, की दर महिन्याला इंजेक्शनाच्या आदल्या बुधवारी दुपारपासून ती बाई अन्न आणि पाणी दोन्ही तोडायची. एस.टी.च्या साडेतीन तासांत पोटानं दगा देऊ नये म्हणून. रोजचे चौदा-पंधरा जुलाब, त्यात हा उपास. पहिल्या महिन्याच्या तिच्या कागदावर जुलाबांचं सारं होतं. ते धरून चाललं असतं तर इंजेक्शनाची मात्रा तेव्हाच वाढवता आली असती. पण पुढच्या कागदांनी सांगितलं, बाई बरी आहे. मात्रा होती तीच राहिली.

शिष्येला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. त्या सकाळी गिरजाबाईंनी 'चेहरा लाल होतो का' या प्रश्नापुढे 'अजिबात नाही'वर खूण केली, तेव्हा त्यांचा चेहरा कुंकवासारखा लाल झाला होता. दोन हातांवर. टेबलाच्या पलीकडेच. शिष्येनं कागद वाचला होता.

आता माणसाला धक्का बसला की तो आधी स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना दुरुस्त करायला निघतो. तिचंही तेच झालं. तिनं महिनाभर खपून नवा कागद तयार केला. एकच प्रश्न दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं विचारायचा, म्हणजे खोटं बोलणारा सापडेल. रोग्यांना एकमेकांपासून लांब बसवायचं. तिनं तो कागद मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, गुरुवारी जुनाच घेऊन ये.

गुरुवारी तिनं आधी बोळात उभं राहून सगळ्यांना समजावलं. उत्तरांचा आणि इंजेक्शनाचा काहीएक संबंध नाही, धोंडिबा सुखरूप आहे, कुणाचंही नाव कापलं जाणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. हो ताई, बरोबर आहे ताई. मग कागद घेतले आणि पहिल्या चौकटीत खुणा करायला सुरुवात केली. मास्तरांची चिठ्ठी आता कुणाला लागतही नव्हती, पाठच झाली होती. त्यात गिरजाबाईही होत्या. मरणाच्या दारातून परत आलेली बाई, हात अजून सुईच्या जागी काळानिळा, आणि तरीही अजिबात नाही, अजिबात नाही.

तेव्हा मोठे डॉक्टर आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी एका रोग्याला सरकायला सांगितलं आणि बाकावर मास्तरांच्या शेजारी बसले. शिष्येकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि मास्तरांच्या हातात दिला.

"मास्तर, चष्मा विसरलोय. वाचा आणि मी सांगतो तिथे खूण करा. मोठ्यानं वाचा, मला ऐकू कमी येतं."

मास्तर गोंधळले, पण वाचणं त्यांच्या अंगवळणी होतं. पहिला प्रश्न, थकवा येतो का? खूपच, डॉक्टर म्हणाले. मास्तरांचा हात थांबला. ते खालच्या आवाजात म्हणाले, साहेब, थोडंफार लावतो. बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टर म्हणाले, खूपच लावा. दुपारी दोननंतर मी रोगी तपासतो तेव्हा अर्धा झोपलेला असतो.

झोप? तीन तास. बरंच लावा. जेवण? एकट्याला जात नाही. घरात माणसं आहेत, पण त्यांच्या वेळा वेगळ्या. आपण दुसऱ्यावर भार झालो आहोत असं वाटतं का? डॉक्टर म्हणाले, मुलगा फोन सूनबाईला करतो आणि माझी चौकशी तिच्याकडे करतो. बरंच.

पुढचा प्रश्न मास्तरांनी मनातच वाचला. काय आहे, डॉक्टरांनी विचारलं. मास्तर म्हणाले, हा सोडू या. डॉक्टरांनी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी वाचला: नैसर्गिक विधी आवरता येत नाही, असं होतं का?

"होतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "गेल्या सोमवारी टपाल कार्यालयाच्या रांगेत आवरला नाही. तसाच घरी आलो. न्हाणीघराची कडी लावून पायजमा स्वतः धुतला, सूनबाईला कळू नये म्हणून. खूपच लावा, मास्तर."

शिष्येचा चेहरा उतरला. ज्या माणसापुढे पाच जिल्हे मान लववतात, त्यानं पायजम्याची गोष्ट भर बाकावर सांगावी? तिला वाटलं, यांना थांबवावं. पण ते तीसही प्रश्न संपेपर्यंत बसले. भीती वाटते का, यावर खूपच म्हणाले, आणि कशाची ते सांगितलं: माझ्या हातून एखाद्याचं वाईट होईल आणि मला वेळेवर कळणार नाही याची. हे सांगताना गिरजाबाईंकडे पाहिलं, लपवलं नाही. शेवटी मास्तरांना बेरीज करायला लावली. मास्तरांनी ती दोनदा केली आणि सांगितलं, की साहेब, बाकावर आजवर एवढे कमी गुण कुणाला पडलेले नाहीत. डॉक्टरांनी तो कागद नावानिशी सूचनाफलकावर टाचला आणि नेहमीसारखे इंजेक्शनं द्यायला आत निघून गेले.

शिष्या त्यांच्या मागोमाग आत गेली. हे काय केलंत, तिनं विचारलं. लोक काय म्हणतील, उद्या तुमच्याकडे यायला घाबरतील.

वृद्ध डॉक्टर सिरिंज भरत होते. ते म्हणाले, "मुली, तुझा कागद चांगला आहे. वाईट होती ती एवढीच गोष्ट, की आपण त्यांचं सगळं मागत होतो आणि आपलं काही खाली ठेवत नव्हतो. ज्याच्या हातात आपलं औषध आहे त्याच्यापुढे माणूस दुःखसुद्धा त्याला आवडेल तेवढंच मांडतो. ते खोटं बोलले नाहीत. ते जगायला बघत होते. माणूस जगतो कसा हेच तुला मोजायचं होतं ना? मग ते तू मोजलंस. त्या चिठ्ठीत ते लिहिलेलं होतं."

शिष्येला एकदम ती चार महिन्यांची चढती रेघ डोळ्यांपुढे दिसली. ती आरोग्याची रेघ नव्हती. सतरा-अठरा माणसांच्या धास्तीची होती, आणि ती दर महिन्याला वाढत होती.

बाहेर कागदांची खसखस ऐकू आली. ती दारापर्यंत गेली. कुणीतरी आपला भरलेला कागद परत मागत होतं. मग दुसऱ्यानं मागितला. मास्तर उठून कोरे कागद वाटत होते, आणि पहिला कोरा त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवला होता. कुणी कुणाचं बघत नव्हतं असंही नाही. उलट एकमेकांना विचारून लिहीत होते. रात्रीत किती वेळा उठतोस रे तू? सहा. मी आठ. मग तू खूपच लाव, मी बरंच लावतो. शिष्येनं कुणालाही लांब बसवलं नाही.

त्या दिवशी बाकावरचे सोळा जण नापास झाले. उरलेले दोघं खरंच बरे होते.

कागद गोळा करताना ती गिरजाबाईंपाशी आली. त्यांचा कागद पुरा भरला होता, पण त्या तो हातातून सोडेनात. शिष्या टेबलाकडे गेली नाही. तिथंच बाकावर टेकली.

"ताई, माझं खरं दुखणं यात विचारलंच नाही," गिरजाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. धाकटी मुलगी तीन गावं पलीकडे दिली आहे. तिच्या घरात माणसं अकरा आणि संडास एक. दीड वर्ष झालं, गिरजाबाई तिच्याकडे राहायला गेलेल्या नाहीत. बारशाला गेल्या नाहीत. नंतर एकदा दारात उभ्या राहूनच मुलीला बांगड्या भरल्या आणि परत फिरल्या. सासरच्या माणसांच्या देखत सारखं उठून जायचं, ते कसं? मुलीला खरं सांगता येत नाही, कारण ती सासूला सांगेल. मुलीला वाटतं, आई रुसली आहे. ती फोनवर आता जपून बोलते, पाहुण्यासारखी. पोट दुखतं ते सोसवतं हो, गिरजाबाई म्हणाल्या, पण माझी पोर माझ्याशी पाहुण्यासारखी बोलते.

शिष्येनं डोळे पुसले नाहीत. तिनं कागद उलटा केला आणि पेन मास्तरांपुढे धरलं, कारण तिचं अक्षर त्या वेळी नीट आलं नसतं. आकडा टाका एकतीस, ती म्हणाली. मास्तरांनी टाकला. पुढं काय लिहू, त्यांनी विचारलं. शिष्येनं गिरजाबाईंकडे पाहिलं. गिरजाबाईंनी दोनदा शब्द बदलले, एकदा खोडायला लावलं आणि मग एक वाक्य ठरलं. मास्तरांनी ते वळणदार अक्षरात लिहून काढलं: 'आजारामुळे आपण एखाद्या माणसाकडे जाणे टाळता आणि ते माणूस आपल्याला रुसलेले समजते, असे होते का?'

वाक्य मोठ्यानं वाचून झाल्यावर बाकावर एकेक हात वर होऊ लागला. शिष्येनं ते मोजले नाहीत. ती पहिल्या हाताशी जाऊन बसली आणि कोण रुसलंय ते विचारलं.

परिषदेत तिनं तो आलेख नेला नाही म्हणतात. आपणही कुणाच्या दारावरून जाताना 'काय, बरं आहे ना?' असं विचारतो, तेव्हा उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं. कधीतरी दोन घटका पायरीवर टेकून, आधी आपलं एखादं दुखणं सांगून, मग विचारून बघावं.